हरकत आहे



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड एकमताने झाली असे पत्र आले, तेव्हा आनंद झाला आणि शंकाही आली. मराठी लेखकांचे एकमत? मग एका स्नेह्यांनी खरे सांगितले : "एकाने विरोध केला होता. पण 'आय बेग टु डिफर' म्हणाला आणि खाली बसला. इतिवृत्तात काय लिहायचे ते कुणाला सुचले नाही." त्या अनोळखी विरोधकाने मला आजचा विषय दिला. त्यांचे आभार.

आपण प्रेम मराठीत करतो, भांडतोही मराठीत; मतभेद मात्र इंग्रजीत व्यक्त करतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की 'ऑब्जेक्शन' येते. मुलगी वडिलांना म्हणते, "नो ऑफेन्स बाबा, बट पण..." तिथे एका 'पण'ने भागत नाही, दोन लागतात. गर्दीच्या बसमध्ये एखादी बाई "एक्स्क्यूज मी!" म्हणते. शब्द क्षमा मागतात आणि सूर दम देतो.

शब्द कमी पडतात म्हणून हे होते का? तसे नव्हे. लग्नाच्या गोष्टी चाललेल्या एका मुलीचे बोलणे ऐका. "हे स्थळ मला पसंत नाही." "मला इतक्यात लग्नच नको." "हा माझा निर्णय नव्हे, तुमचा आहे." "मला न विचारता असे ठरवू नये." नाही वस्तुस्थिती सांगते, नको इच्छा सांगते, नव्हे ओळख नाकारते आणि नये नीतीवर बोट ठेवते. चार नकार, चार वेगळ्या जागा. शिवाय समोरच्याच्या विधानाला नुसते 'म्हणे' जोडले की त्यातली हवा निघून जाते. पूर्वी पोथीतल्या चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावत. त्यातून 'हरताळ फासणे' आले. खोडण्याचीसुद्धा आपली स्वतःची शाई होती.

परक्या शब्दांवर माझा राग नाही. 'हरकत' अरबीतून आली. तिकडे तिचा अर्थ हालचाल. आपण तिला अडवायला उभे केले. 'तक्रार' म्हणजे मुळात पुनरावृत्ती, आणि 'हुज्जत' म्हणजे पुरावा, युक्तिवाद. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी वळणाच्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ही मंडळी हलली नाहीत. उलट्या दिशेनेही वाहतूक झाली : सत्याग्रह, धरणे, घेराव, बंद हे शब्द इंग्रजी कोशांत जाऊन बसले. रस्त्यावरचा विरोध आपण त्यांना दिला आणि दिवाणखान्यातला त्यांच्याकडून आणला.

तो का आणावा लागला? मराठीत 'मला पटत नाही' म्हणण्याआधी समोरच्याला तू म्हणायचे, तुम्ही की आपण, हे ठरवावे लागते. मतभेदाआधी नाते उभे राहते, आणि नात्याबरोबर वय, जात, मान. मग मत बाजूला राहते आणि बोलणाऱ्याची झडती सुरू होते. त्यासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही : उलट उत्तर देणे, तोंड वर करून बोलणे, फाटे फोडणे, आगाऊ, दीडशहाणा. 'आय डोन्ट अ‍ॅग्री'मध्ये काका नाहीत, सर नाहीत, सासूबाई नाहीत. धाकट्यांनी आणि बायकांनी ही छत्री उघडली, तर पाऊस कुणी पाडला हे आधी विचारले पाहिजे. त्यांना हसण्याचा हक्क मला नाही. मीही घरात 'उलट बोलू नकोस' म्हणत आलो आहे.

पण ही छत्री सर्वांकडे नसते. ग्रामसभेत उठून उभी राहणारी बाई 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणत नाही. तिचा नकार उघड्यावर भिजतो आणि आपण त्याला कटकट म्हणतो. तोच नकार इंग्रजीत आला की त्याला भूमिका म्हणतो.

या संमेलनांच्या इतिहासातला एक नकार मला आठवतो. त्या नकाराच्या तीन वर्षे आधी, 1882 साली, हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन इंग्रजीत मांडले, कारण ऐकणारे सरकार होते. 1885 साली पुण्यात भरलेल्या, या संमेलनांची पूर्वज असलेल्या ग्रंथकार सभेसाठीचे न्यायमूर्ती रानड्यांचे निमंत्रण त्यांनी नाकारले, ते मराठीत. शूद्रातिशूद्रांना माणसाचे हक्क खुशीने न देणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. इंग्रजी त्यांना येत होती. पण जो नकार आपल्याच माणसांना झोंबायला हवा होता, त्याला त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आज त्या सभेतली किती भाषणे कुणाला आठवतात? न आलेल्या पाहुण्याचे पत्र मात्र आपण अजून वाचतो.

म्हणून मी तुम्हाला शब्दकोश देणार नाही. ज्यांना 'नाही' ऐकावे लागते, त्या आम्हा खुर्चीवरच्यांनी सुधारायचे आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव येतील. दरवेळी सूचक, अनुमोदक आणि टाळ्या, एवढ्यात सारे आटोपते. उद्या मी प्रत्येक ठरावानंतर विचारीन, "कुणाची हरकत?" आणि लगेच पुढे जाणार नाही; थांबेन. जो बोलेल त्याचे वय, गाव, आडनाव न विचारता त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात जाईल.

माझ्या निवडीला विरोध करणारे गृहस्थ सभागृहात असतील, तर त्यांनीच सुरुवात करावी. 'डिफर' म्हणाले तरी लिहून घेऊ. फक्त खाली बसू नये.