आठवड्याचे उरलेले तास
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली रक्तशुद्धीचे यंत्र प्रथम रुग्णास लावले. १९६० साली सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातील रक्तवाहिन्यांत कायम राहणारी नळी बसविली आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसास वर्षानुवर्षे जगविण्याचा मार्ग खुला केला. आयुष्य वाढले खरे. परंतु ते कंठावे कसे, हे यंत्र सांगत नाही. त्याविषयीच आम्ही आज दोन शब्द बोलणार आहोत.

डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास चालते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी हे बारा तास यंत्राचे. उरलेल्या १५६ तासांत थकवा असतो, खर्चाचा घोर असतो आणि तहान असते. लघवी जवळजवळ बंद झाल्यामुळे प्यालेले पाणी पुढच्या पाळीपर्यंत अंगातच साठते. सूज येते, दम लागतो. याहून जड असते ती मनातील एकच खंत : आपण घराला ओझे झालो.

येथे आम्ही स्वतःचीच चूक सांगतो. असे एक आप्त आमच्या घरी आले असता आम्ही शहाळे पुढे केले. त्यांनी नको म्हटले, तेव्हा आम्ही रुसलो. शहाळ्यातील पोटॅशियम अशा रुग्णाच्या रक्तात साठून हृदयाची गती बिघडवू शकते, हे आम्हांस मागाहून कळले. त्यानंतर ते आप्त फारसे कोठे जाईनासे झाले. आमच्या आग्रहाने त्यांची तहान भागली नाही. त्यांचे येणेजाणे मात्र थांबले.

पुढे त्यांनीच वाट काढली. दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवावयाचे, घोट घोट प्यावयाचे, पाळी चुकवावयाची नाही. आम्ही त्यांच्याकडे मंडळाचा जमाखर्च सोपविला. “आता कोणीतरी माझी वाट पाहते,” असे ते म्हणाले.

बंधुभगिनींनो, अशा घरी जाल तेव्हा आग्रह आणि कीव दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवा. त्यांच्यासमक्ष त्यांच्याविषयी कुजबुजू नका. त्यांचा सल्ला घ्या, झेपेल ते काम द्या. उदासी दिवसेंदिवस हटत नसेल, झोप व अन्नावरची वासना उडाली असेल, तर ती डॉक्टरांच्या कानी घाला. तोही उपचाराचाच भाग होय.

बारा तास यंत्र सांभाळील. उरलेले तास आपण सांभाळू या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.