कवडीची झळाळी

कवडी म्हणजे समुद्रातील एका गोगलगायीचे कवच होय, ही गोष्ट तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळ पाहताना सहसा ध्यानात येत नाही. मालदीव आणि लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात हा जीव दिवसा प्रवाळाखाली दडून बसतो आणि रात्री शेवाळ खात फिरतो.

इतर शंखांच्या पाठीवर शेवाळ धरते, ओरखडे पडतात. कवडी मात्र गुळगुळीत राहते, आणि याचे कारण प्रावार हे आहे. प्रावार म्हणजे मृदुकाय प्राण्याच्या अंगावरील, कवच घडवणारे मांसल आवरण. कवडीत त्याच्या दोन पाळी खालच्या दातेरी फटीतून बाहेर येतात, दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतात आणि वर एकमेकींना भिडतात. अनेक जातींच्या पाठीवर दिसणारी फिकट रेघ ही त्यांच्या मिलनाची जागा होय. या पाळी कवचावर चकचकीत द्रव्याचे थरावर थर चढवतात आणि ठिपके व नक्षीही त्याच रंगवतात. लहानपणी कवच पातळ व पीळदार असते. पुढे त्याचा ओठ आत वळतो, त्यावर दाते उमटतात, आणि त्यानंतर ते लांबीने वाढत नाही, केवळ जाड होत जाते. म्हणजे झळाळी ही पॉलिशची नव्हे, प्रावाराची, जिवंत प्रावाराची असते.

जीव मेल्यावर लाटा, वाळू आणि ऊन यांनी ही झळाळी लवकरच जाते. म्हणून किनाऱ्यावरील दुकानातली लखलखीत कवडी वाळूत वेचलेली असेल असे समजू नये. ती बहुधा जिवंत प्राणी मारून मिळवलेली असते, आणि शोभेसाठी ती विकत घेणाऱ्याने एवढा विचार अवश्य करावा.

झळाळी गेली तरी कवडीचे टणक कवच हाताळून सहज झिजत नाही आणि त्याची नक्कल करणे अवघड, म्हणून कवडी चलन झाली. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूताने मालदीवचे लोक कवड्या किनाऱ्यावरील खड्ड्यांत घालून आतले मांस कुजू देतात आणि बंगालला त्या देऊन तांदूळ घेतात, असे नोंदवले. 4 कवड्यांचा गंडा, 20 गंड्यांचा पण, 16 पणांचा काहण आणि 4 काहणांचा, म्हणजे 5120 कवड्यांचा, रुपया या हिशेबाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमधील सिल्हेटचा शेतसारा कवड्यांतच भरला जाई.  युरोपीय व्यापाऱ्यांनी तर मालदीवच्या कवड्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून गुलाम विकत घेतले.