डी.फार्म.च्या विद्यार्थ्याचे पाचशे तास

डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, तरी विद्यार्थी लगेच औषधनिर्माता होत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार किमान 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि ते 3 महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही. त्यांतले निदान 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्यातच जायला हवेत. नुसते खोके लावून हे तास भरत नाहीत! चिठ्ठी वाचणे, मात्रा तपासणे, औषधांची साठवण आणि कायद्याने ठरवलेल्या नोंदी ठेवणे, हेही शिकायचे असते.

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे प्रशिक्षण सरकारी रुग्णालयात घेता येते; उमरगा, कळंब, परंडा अशा तालुक्याच्या गावी परवानाधारक मेडिकल दुकानातही चालते. मात्र तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवा. एकच फार्मासिस्ट असेल, तर त्याच्या हाताखाली दोनपेक्षा जास्त प्रशिक्षणार्थी नकोत. प्रशिक्षणाचा करार तीन प्रतींत भरला जातो. त्यावर महाविद्यालयाचे प्रमुख, विद्यार्थी आणि प्रशिक्षक यांच्या सह्या असतात. न केलेल्या तासांवर प्रशिक्षकाने सही देणे ही सवलत नसून फसवणूक आहे.