ज्याच्या पाठीवर पंप आहे



ज्या परभणीत १९७२ साली मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्या परभणीत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविलेल्या एका शिक्षकाला आपण अध्यक्षपद दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कर्करोग उत्पन्न करणारी रासायनिक द्रव्ये आणि शेतातील कीटकनाशके हा विषय मी निवडला, त्याचे कारण मात्र माझ्या विद्वत्तेत शोधू नये. ते माझ्या बालपणात आहे.

आमच्या शेतात फवारणी येण्यापूर्वी धुरळणी होती. बीएचसीची ती करड्या रंगाची, कुबट वासाची भुकटी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, पिकाच्या ओळींतून चालत ती पुरचुंडी हलवीत जायचे, हे काम आम्हां मुलांच्या वाट्याला आनंदाने येई, आणि संध्याकाळी विहिरीवर हातपाय धुतल्यावरही तो वास भाकरीच्या घासाला लागून राही. त्या भुकटीवर आपल्या देशात १९९७ साली बंदी आली, आणि तिच्यातील कीटकांना मारणारा मुख्य घटक जो लिंडेन, तो मनुष्यात कर्करोग उत्पन्न करतो असा निर्णय कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली दिला. म्हणजे माझ्या हातातील त्या पुरचुंडीची खरी ओळख पटेपर्यंत माझे केस पिकले होते. आम्ही तिला औषध म्हणत होतो. आजही आपण शेतात ‘औषध मारतो’. आणि त्याच भाषेत एखाद्या घरी ‘औषध घेतले’ असे कोणी हलक्या आवाजात सांगितले, की ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. एकाच शब्दाने आपल्या समाजाने जीवन आणि मरण ही दोन्ही एकत्र बांधावी, याचा विचार शास्त्रज्ञाइतकाच साहित्यिकानेही केला पाहिजे.

रसायनाचा आणि कर्करोगाचा संबंध प्रथम कामकऱ्याच्या देहावर दिसला, ग्रंथात नव्हे. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचे मूळ काजळीत आहे, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली लिहिले. त्यानंतर १४० वर्षांनी यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर लावून तोच रोग प्रयोगशाळेत उत्पन्न केला. आपल्या महाराष्ट्रातही हीच दृष्टी होती. मुंबईत परळच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचण्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. रोगाचे कारण माणसाच्या नित्याच्या वहिवाटीत शोधायचे, ही त्यांची रीत. त्याच संस्थेत डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी काचेच्या नळीत वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली, आणि कर्कजनक द्रव्यांच्या अभ्यासाला स्वतंत्र स्थान मिळवून दिले.

ज्या शास्त्रज्ञाच्या कार्याभोवती आजचे माझे विवेचन फिरते, तो मात्र दूरदेशीचा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील प्राध्यापक ब्रूस एम्स यांनी १९७३ साली जी परीक्षा सिद्ध केली, तिची रचना इतकी सुबोध आहे, की ती एखाद्या शेतकऱ्यालाही बांधावर बसून सांगता यावी. हिस्टिडीन नावाचे एक अन्नद्रव्य स्वतः बनविण्याची शक्ती गमावलेले साल्मोनेला जातीचे जंतू त्यांनी निवडले. ज्या काचपात्रात हिस्टिडीन पुरेसे नाही, तेथे हे जंतू वाढत नाहीत. त्या पात्रात संशयित रसायन घालावे. त्याने जंतूच्या जनुकात फेरफार केला, तर काही जंतूंना गमावलेली शक्ती परत मिळते, आणि दोन दिवसांत पात्रावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या वसाहती उमटतात. ठिपके मोजावेत, म्हणजे रसायनाचा जबाब मिळाला. परंतु पुष्कळ रसायने मूळ रूपात निरुपद्रवी असतात आणि यकृतात गेल्यावरच त्यांचे घातक रूपांतर होते, हे जेम्स व एलिझाबेथ मिलर या दांपत्याने पूर्वीच दाखविले होते. म्हणून एम्स यांनी पात्रात उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळला. जनावरांवरील ज्या प्रयोगाला दोन-तीन वर्षे आणि अमाप पैसा लागे, त्याची पहिली चाचणी दोन दिवसांवर आली. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून लावले जाणारे ‘ट्रिस’ हे द्रव्य या परीक्षेत सापडले, आणि १९७७ साली अमेरिकेत ते कपडे बाजारातून उठले.

हीच परीक्षा परळला आली, आणि डॉ. सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यापुढे आपल्या घरातील एक वस्तू ठेवली: तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, म्हणजे मशेरी. या जिल्ह्यातील आयाबाया पहाटे चुलीपुढे बसून जिने दात घासतात, ती मिसरी जंतूंच्या जनुकांत फेरफार करते, तिच्यात नायट्रोसामाइन आणि बेन्झोपायरीन ही द्रव्ये आहेत, आणि उंदरांत ती अर्बुदे उत्पन्न करते, हे त्यांनी १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. परदेशी परीक्षा स्वदेशी प्रश्नाला लावण्याचे याहून उत्तम उदाहरण मला ठाऊक नाही.

ही परीक्षा सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. डीडीटीसारखी क्लोरीनयुक्त द्रव्ये तिच्या जाळ्यातून निसटतात; परंतु अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डीडीटी खाऊ घातलेल्या उंदरांना अर्बुदे झाली होती.

पुढे एम्स यांनी आपल्या चाहत्यांना धक्का देणारा सिद्धांत मांडला. १९९० साली त्यांनी दाखविले, की अमेरिकेतील मनुष्य अन्नातून जी कीडनाशके पोटात घेतो, त्यांपैकी वजनाने ९९.९९ टक्के वनस्पतींनी स्वसंरक्षणार्थ स्वतःच निर्माण केलेली असतात. दिवसाकाठी नैसर्गिक द्रव्ये सुमारे दीड ग्रॅम, तर मनुष्यनिर्मित अवशेष एका मिलिग्रॅमच्या दशांशाहूनही कमी. म्हणून अवशेषांच्या भयाने भाजीपाला व फळे टाळणे हाच अधिक मोठा धोका, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०२४ साली वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले, तोपर्यंत या मतावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठतच होती. खाणाऱ्याच्या ताटापुरते त्यांचे हे मत मला ग्राह्य वाटते. बुरशी धरलेल्या भुईमुगातील अफ्लाटॉक्सिन हे निसर्गनिर्मित विष कर्कजनकांत अग्रगण्य आहे, हे विसरून केवळ कारखान्याकडे बोट दाखविणे शास्त्राला धरून होणार नाही.

परंतु ताट हे एक टोक झाले; दुसऱ्या टोकाला ज्याच्या पाठीवर पंप आहे तो मनुष्य उभा आहे. एम्स यांनी १९८७ साली निरनिराळ्या धोक्यांची जी तुलना केली, तिच्यात अगदी वरच्या स्थानी कोण होते? इथिलिन डायब्रोमाइड या धुरीच्या द्रव्याशी पूर्वी रोज संबंध येणारे कामगार. भाजीतील अवशेष त्या यादीत कितीतरी खाली होते. या सिद्धांताचा आधार घेऊन कीटकनाशकांविषयी निर्धास्त राहण्याचा सल्ला देणारे लोक यादीचा हा वरचा भाग वाचीत नाहीत, याचे मला फार दुःख होते. ते धुरीचे द्रव्य आपल्याकडेही धान्य साठविताना वापरात होते. त्यावर बंदी आली ती २००१ साली.

डब्यावरील रंगीत त्रिकोण आपण सर्वांनी पाहिला आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनी घातलेली ही खूण किती अल्प मात्रेने तात्काळ मरण ओढवते एवढेच सांगते. वीस वर्षांनी काय होईल, याविषयी ती मुकी आहे. निळा त्रिकोण पाहून निर्धास्तपणे उघड्या हाताने औषध ढवळणारा सालगडी मी पाहिला आहे, आणि त्याला अडाणी म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण सरकारी खुणेचा अर्थ त्याने त्याच्या परीने बरोबरच लावला होता. त्या डब्यावरील मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत अनेक भाषांत छापलेला. त्यातील मराठी मी भिंग घेऊन वाचली, तेव्हा तीही मला दोनदा वाचावी लागली.

तात्काळ विषाचे रूप आपण २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या विदर्भात पाहिले. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा तोंडावर व छातीवर परत येत होता, आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्यात दगावले. त्या मृत्यूंची दखल घेतली गेली, चौकशी झाली, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. कर्करोगाचा मात्र पंचनामा होत नाही. ज्या हंगामात विष अंगात भिनले तो हंगाम, तो मालक, त्या डब्याचे नावही विसरले गेल्यावर रोग प्रकट होतो. दवाखान्याच्या कागदावर व्यवसाय म्हणून ‘शेती’ एवढे एकच पद लिहिले जाते, आणि त्यात जमिनीचा धनी व तिच्यात फवारणारा मजूर हे दोघे एक होऊन जातात.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या हाताशी आहे. १९८७ साली बार्शी, भूम व परांडा या तीन तालुक्यांसाठी जी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ती देशातील ग्रामीण भागाची पहिली होय. कार्यकर्ते गावोगाव हिंडून रोगी शोधीत आणि नोंदवीत आले. त्या तीनपैकी दोन तालुके आपल्या मराठवाड्यातले आहेत. त्या धर्तीची वही आपल्या गोदा-दुधनेच्या खोऱ्यातील गावांत ठेवली जावी, आणि तिच्यात नाव-वय-रोग यांच्याबरोबर आणखी रकाने असावेत: फवारणी स्वतः केली काय, किती हंगाम, कोणते औषध, पंप गळका होता काय, औषध कालविण्याचे पाणी घरच्या स्त्रीने भरले काय. खानोलकरांनी धोतर पाहिले, सुमतीबाईंनी मिसरी पाहिली. पंपाचा पट्टा ज्या खांद्यावर घासतो, तो खांदा पाहण्याचे काम या विद्यापीठाने आणि येथील वैद्यांनी एकत्र बसून अंगावर घ्यावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

स्वागत समितीने कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सूचनेवरून एक बदल मान्य केला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. उद्या सकाळी निबंधवाचनाच्या आधी, आसपासच्या गावांत फवारणीची कामे करणारे चार शेतमजूर आपल्यापुढे बोलतील. त्यांना वेळेची मर्यादा नाही. संशोधक मित्रांनी त्या वेळी वही आणि लेखणी घेऊन पुढच्या रांगेत बसावे.