सोबतिणींना निरोप देताना



मे महिना हा निरोपांचा महिना. परीक्षा आटोपलेल्या असतात, बदल्यांचे हुकूम हातात पडलेले असतात, कुणाच्या भाड्याच्या घराची मुदत संपलेली असते. आमच्या मराठीच्या वर्गातूनही या महिन्यात दोघी शिक्षिका निघाल्या आहेत. एकीच्या यजमानांची नागपूरला बदली झाली आहे, दुसरीला एका शाळेत पूर्ण वेळाची नोकरी मिळाली आहे. म्हणून आज आपण निरोपाविषयी बोलू या.

आमचा वर्ग पुण्यातला, दोन खोल्यांचा. नोकरीसाठी किंवा लग्न होऊन दुसऱ्या राज्यांतून इथं आलेल्या बायका आमच्याकडे मराठी शिकतात. शिकवणाऱ्या आम्ही पाचजणी. पाचांतल्या दोघी निघाल्या म्हणजे काय होतं, हे छोटी बालवाडी, शिवणवर्ग किंवा बचत गट चालवणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको.

मोठ्या संस्थेत प्रत्येक कामाची फाईल असते. छोट्या वर्गात फाईल म्हणजे बाईंचं डोकं. कुणाला बाळ पाळणाघरातून आणायला साडेचारला निघावं लागतं, कोण फळ्यापाशी यायला लाजते, कुणाची फी दोन हप्त्यांत घ्यायची ठरली आहे, हे सगळं बाईंना तोंडपाठ. आणि शिकवण्यातलं ज्ञान तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

एक उदाहरण सांगतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे वेगळे शब्द आहेत. ‘आपण बाजारात जाऊ’ म्हटलं की ऐकणारी त्यात आली. ‘आम्ही बाजारात जाऊ’ म्हटलं की ती मागे राहिली. हिंदीत दोन्हींना ‘हम’. त्यामुळे उत्तरेकडून आलेली बाई शेजारणीला प्रेमानं सांगायला जाते आणि चुकून तिलाच वगळून बसते. तेलुगू बोलणारीला मात्र हा फरक चटकन कळतो, कारण तिच्या भाषेत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असे दोन शब्द आहेतच. बंगाली बोलणारीचं अडतं ते तो, ती, ते यांपाशी. तिच्या भाषेत नामांना असं लिंगच नसतं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एक, बोलायला दोन. कुणाला कुठं अडतं आणि ती गाठ कशी सोडवायची, हे बाईंना वर्षानुवर्षांच्या सवयीनं कळलेलं असतं. त्या निघाल्या की हेही त्यांच्याबरोबर निघतं.

म्हणून खरा निरोप समारंभाच्या आधी महिनाभर सुरू होतो, असं आम्हाला वाटतं. आम्ही एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक विद्यार्थिनीला एक पान. कुठपर्यंत धडा झाला, काय जमतं, काय अडतं, तिच्याशी कसं बोललं की ती खुलते. जाणाऱ्या बाई सांगतात, राहणारी लिहून घेते. शेवटच्या दोन आठवड्यांत राहणारी बाई त्यांच्या तासाला मागे बसते, म्हणजे विद्यार्थिनींनाही नव्या चेहऱ्याची सवय होते.

दुसरी गोष्ट पैशांची. ती बोलायला आपल्याला संकोच वाटतो, पण शाल देऊन मानधन थकवणं हा काही सन्मान नव्हे. शेवटच्या महिन्याचा हिशेब निघण्याआधी हातात पडावा. ग्रॅच्युइटीचा कायदा साधारणपणे दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं लागू होतो. आपल्यासारख्या पाच-सहाजणींच्या वर्गात ते कवच नसतं. मग निदान अनुभवाचं पत्र तरी नीट द्यावं. ‘यांनी आमच्याकडे काम केले’ एवढ्यावर भागत नाही. किती वर्षं, आठवड्याला किती तास, कुठल्या पातळीचे वर्ग, किती विद्यार्थिनी, हे तारखेसह लिहावं. अर्धवेळ काम करणाऱ्या बाईची कित्येक वर्षं ‘घरीच होते’ या दोन शब्दांत पुसली जातात. ते पत्र तिच्या वर्षांचा पुरावा असतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. चांगली नोकरी मिळाली म्हणून कुणी निघाली की ‘आता तुम्ही मोठ्या झालात’ असा टोमणा हसत हसत मारला जातो. तो मारू नये. कमी मानधनात तिनं इतकी वर्षं काढली, आता तिच्या घरात चार पैसे जास्त येणार, तर तोंड गोड करावं. आणि यजमानांच्या बदलीमुळे निघालेलीला ‘तिकडे मजा आहे’ असंही म्हणू नये. तिथं तिला पुन्हा पहिल्यापासून काम शोधायचं असतं. तिच्यासाठी ओळखीपाळखीतून चार ठिकाणी शब्द टाकणं ही खरी भेट.

आता समारंभ. आमच्याकडे जाणारीची ओटी भरायची पद्धत. यंदा निघालेल्या दोघींपैकी एकीचे यजमान हयात नाहीत. मग प्रश्न आला, एकीची ओटी आणि दुसरीला नुसतं फूल? आम्ही बसून बोललो. एका वडीलधाऱ्या सोबतिणीला शंका होती, लोक काय म्हणतील. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनंही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं, याची तिथं आठवण निघाली. अख्खं गाव ठरवू शकतं, तर आपण पाचजणी का नाही? शेवटी ठरलं: ओटी भरायची तर दोघींची, तेच तांदूळ, तसाच खण, तसाच नारळ. आणि ओटी पहिल्यांदा भरली ती त्या वडीलधाऱ्या सोबतिणीनंच. मैत्रिणींनो, हा निर्णय तुमच्याही समोर येईल. ऐन वेळी, ताट हातात असताना घेऊ नका. आधी बोलून घ्या.

भाषणं थोडी ठेवली. प्रत्येकीनं बाईंविषयी एकच गोष्ट सांगायची, पण घडलेली. विद्यार्थिनींनी मराठीत बोलायचं, चुकलं तरी कुणी मध्येच सुधारायचं नाही. बिहारहून आलेली एकजण म्हणाली, “बाईमुळे मी दवाखान्यात एकटी जाते. नवऱ्याला सुट्टी घ्यायला लागत नाही.” दोन वाक्यं, पण त्यांत सगळा वर्ग आला.

निरोपानंतरचंही थोडं सांगायला हवं. गेलेल्या बाईंना किल्ली कुठं आहे म्हणून रोज फोन करू नये. ख्यालीखुशालीसाठी जरूर करावा. आणि नव्या बाई येतील, त्यांच्यासमोर ‘आधीच्या बाई असं करायच्या’ हे वाक्य पहिले सहा महिने तरी गिळून टाकावं.

आपल्याकडे बाई उंबऱ्यावरून ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. तो शब्द खरा व्हायचा तर मागे राहिलेल्यांनी दार उघडं ठेवावं लागतं आणि वर्ग चालू ठेवावा लागतो. जूनमध्ये आमचा नवा वर्ग सुरू होतोय. तुमच्या शेजारी कुणी नवी आली असेल, मराठी शिकायची तिची इच्छा असेल, तर तिला आपल्यात घ्या.