टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि आरोग्य : स्वागताध्यक्षीय भाषण

इलेक्ट्रॉनिक वस्तूतले विष ती वापरात असेपर्यंत सहसा त्रास देत नाही. वस्तू फोडली, जाळली की ते बाहेर पडते. जुन्या टीव्हीच्या काचनळीतले शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते, कॅडमियम मूत्रपिंडांत साठते. तांब्यासाठी वायरी जाळल्या की वेष्टणातून डायॉक्सिन निघते, आणि सर्किट बोर्डावरच्या सोन्यासाठी वापरलेले आम्ल गटारात जाते. 2022 साली जगात असा 6 कोटी 20 लाख टन कचरा निघाला; रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद 22.3 टक्क्यांचीच आहे.

या विषयाच्या अभ्यासकांचे पुण्यनगरीत स्वागत आहे. तांबे पुण्याला नवे नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून त्याची भांडी घडतात. टाकाऊ वस्तूंचा पुण्यातला थोर जाणकार मात्र दिनकर गंगाधर केळकर. चष्म्यांचे दुकान, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता, आणि जोडीला संग्रहाचा नाद. लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, वज्री, दौती त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. सुमारे 20 हजार वस्तूंच्या त्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. कोथरूडचा मस्तानी महालही तिथेच पुन्हा उभा केला आहे. परिषदेशी हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल. पण पितळी दिवा शंभर वर्षांनीही दुरुस्त होतो, मोबाइल पाच वर्षांनी होत नाही. संग्रहालय पाहिल्यावाचून कोणी परतू नये.

कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटनाही 1993 साली पुण्यातच स्थापन झाली. घरोघरच्या कचऱ्यातली वायर आणि चार्जर आधी कचरावेचक बायांच्याच हाती लागतात. त्यांच्यावाचून ही चर्चा पोकळ ठरेल.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास दोन ठिकाणी विभागला गेला, सभागृहाचे पंखे कुरकुरतात, गरम पाण्याला सकाळी रांग लागेल. हे सारे गोड मानून घ्यावे. कार्यालय विनाभाडे देणारे विश्वस्त, तांदूळ-तूरडाळ धाडणारे मार्केट यार्डातले आडते, मांडवाचे पैसे नाकारणारे मांडववाले, दोन वेळच्या चहाचा भार उचलणारे दुकानदार आणि पदरमोड करणारे विद्यार्थी यांची स्वागत समिती ऋणी आहे.

बंद मोबाइल आणि चार्जर यांसाठी नोंदणी कक्षाशेजारी पेटी ठेवली आहे. फुगलेली बॅटरी मात्र पेटीत न टाकता स्वयंसेवकाला दाखवावी.