पाय कधी हलणार?

हर्नियाचं किंवा सिझेरियनचं ऑपरेशन झालेला माणूस वॉर्डात आल्यावर पहिलं काय विचारतो? "डॉक्टर, माझे पाय कुठे गेले?" पाय जागेवरच असतात. कंबरेत दिलेल्या भुलेनं मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग तात्पुरते बंद केलेले असतात, त्यामुळे मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही. औषध रक्तात शोषलं जाऊ लागलं की ते मार्ग पुन्हा खुले होतात. ब्युपिवाकेन या नेहमीच्या भुलेच्या औषधाला त्यासाठी साधारण 2 ते 4 तास लागतात.

परतीची वाट गमतीची आहे. भूल वरून खाली उतरते. आधी पोटाला स्पर्श कळतो, मग मांडीला. पाय हलू लागले तरी लघवीवरचा ताबा आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा मागे रेंगाळतात. म्हणूनच "हलतोय की पाय!" म्हणत एकट्यानं उठू नका, चक्कर येऊन पडणारे असे उत्साही बरेच. आधी काठावर बसा, मग कुणाचा तरी हात धरून उभे राहा.

1898 साली जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी ही भूल स्वतःवरही करून पाहिली, आणि नंतर कित्येक दिवस डोकेदुखी भोगली. बसल्यावर वाढणारी, आडवं होताच थांबणारी तशी डोकेदुखी झाली तर डॉक्टरांना सांगा. आणि भुलेच्या शेवटच्या इंजेक्शनला 4 तास उलटूनही पाय सरळ उचलता येत नसेल, किंवा हलू लागलेला पाय पुन्हा जड झाला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. नर्सला लगेच बोलवा.